गच्चीखालची माणसं

सह्याद्रीच्या पायथ्याशी, महामार्गाला लागून असलेल्या एका जिल्ह्याच्या गावी एक धर्मादाय इस्पितळ होतं. घाटात गाडी उलटली की जखमी तिथेच यायचे. ज्यांना मेंदूची शस्त्रक्रिया हवी किंवा जे फार भाजलेले, त्यांना पुढे पुण्याला न्यावं लागे. पावसाळ्यात दरड आली की अँब्युलन्स असेल तिथे अडकून पडे. अशाच एका रात्री इस्पितळाच्या एका विश्वस्तांचा धाकटा भाऊ घाटातच गेला. हे विश्वस्त कारखानदार होते, गावात सगळे त्यांना आबा म्हणत. तेरावं उरकून ते बैठकीला आले आणि म्हणाले, "आपल्या इस्पितळात हेलिकॉप्टर उतरलं पाहिजे. पैसे मी देतो. पुढचा पावसाळा लागायच्या आत."

दुःखातून आलेल्या घाईला कुणाला अडवता येत नाही. बैठकीत कुणी अडवलंही नाही.

काम एका तरुण आर्किटेक्टकडे गेलं. इस्पितळाची सहा मजली नवी इमारत तिच्याच कार्यालयाने बांधलेली, त्यामुळे डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला ताई म्हणत. तिने आठवड्याभरात आराखडा आणला. ओपीडीसमोरच्या गाडीतळाचा निम्मा भाग मोकळा करायचा, काँक्रीट घालायचं, भोवती कुंपण, मधोमध पांढरा क्रॉस आणि त्यावर लाल एच. इस्पितळाच्या हेलिपॅडची जगभर हीच खूण असते. कॅज्युअल्टीचं दार तिथून हाकेच्या अंतरावर. खर्च कमी, वेळ कमी. आबा खूश झाले. फक्त एक तपासणी राहिली होती. हवाई दलातून निवृत्त झालेले एक विंग कमांडर जवळच्याच गावात राहत होते. आयुष्यभर हेलिकॉप्टर चालवलेला माणूस. त्यांनी एकदा नजर टाकावी, एवढीच अपेक्षा होती.

कमांडर सकाळी आले. ताईने आराखडा पसरला तसा त्यांनी तो हलकेच गुंडाळून तिच्या हातात दिला. "नकाशा नंतर बघू. एक वही घ्या आणि माझ्याबरोबर त्या कडुलिंबाखाली बसा. कोण येतं, कुठे थांबतं, किती वेळ थांबतं, ते लिहा."

ताईला हे आवडलं नाही. परवानग्यांची कागदपत्रं टेबलावर पडलेली असताना झाडाखाली बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. तरी बसली. दुपारपर्यंत वहीची पानं भरली. डायलिसिसला आत गेलेल्या नवऱ्याची वाट बघत पायरीवर बसलेली बाई. गावाहून डबा घेऊन आलेला शाळकरी मुलगा. ओल्या बाळंतिणीला रिक्षात बसवणारी सासू, तिच्या हातात कपड्यात गुंडाळलेलं बाळ. कुबड्यांवर चालायचा सराव करणारा एक ट्रकड्रायव्हर. भिंतीलगत चहाची टपरी, वर पत्रा, पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवलेल्या विटा. कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, सुतळीने बांधलेला. औषधांचे रिकामे खोके. आणि गाडीतळाच्या कडेने, रेलिंग धरून, एकेक पाऊल टाकत जाणारी म्हातारी माणसं. ही तर दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी होतीच.

"आता सांगतो," कमांडर म्हणाले. "हेलिकॉप्टर हवेत थांबतं ते हवा खाली ढकलून. जेवढं त्याचं वजन, तेवढ्या जोराने हवा खाली. ती हवा जमिनीवर आपटते आणि अंगणात ओतलेल्या बादलीभर पाण्यासारखी चहूकडे पसरते. बारा टनांच्या यंत्राखाली तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो. आपल्याकडे येईल ते यंत्र पावणेचार टनांचं धरू. पण त्याचा पंखाही लहान, म्हणून पंख्याखालचा वारा काही फार मवाळ नसतो. तो कमी लांब पोचतो, इतकंच. मला सांगा, त्या पत्र्यावरच्या विटा कुठे जातील?"

ताईने पत्र्याकडे पाहिलं, मग पायरीवरच्या बाईकडे.

मग कमांडरांनी इंग्लंडमधली गोष्ट सांगितली. ही गोष्ट घडलेली आहे, आणि हेलिपॅडचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकायला हवी असं मला वाटतं. प्लिमथ शहरात डेरिफर्ड नावाचं मोठं इस्पितळ आहे. त्याचा हेलिपॅड गाडीतळाच्या आवारातच, कुंपण घालून वेगळा केलेला. ४ मार्च २०२२ रोजी तटरक्षक सेवेचं सिकॉर्स्की एस-९२ जातीचं अवजड हेलिकॉप्टर कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून एका माणसाला सोडवून तिथे उतरत होतं. वैमानिकांनी यंत्र नीट उतरवलं. आतला रुग्ण इस्पितळात पोचला. पण उतरताना पंख्याच्या वाऱ्याने गाडीतळातली माणसं उचलून पाडली. ८७ वर्षांची एक स्त्री त्यात दगावली, दुसरी गंभीर जखमी झाली. ब्रिटनच्या विमान अपघात तपास विभागाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. हेलिपॅड त्या वेळच्या मार्गदर्शनाला धरूनच बांधलेला होता. त्या मार्गदर्शनातच वाऱ्याचा पुरेसा विचार नव्हता. २०१६ साली ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने इस्पितळांच्या हेलिपॅडसाठी खास पुस्तिका काढली होती. ती आहे हेच, तपास पथक इस्पितळात ज्यांच्याशी बोललं त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

"कुंपणाच्या आत सगळं बरोबर होतं," कमांडर म्हणाले. "बाहेरचं कुणी मोजलं नव्हतं."

त्या दिवशी ताईने तो आराखडा रद्द केला. आबांना सांगायचं धैर्य मात्र तिने दोन दिवसांनी गोळा केलं.

मग गच्ची. गावात मोकळी जागा नसली की इस्पितळं छताकडे बघतात, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असतं. वारा माणसांच्या डोक्यावरून जातो, कुंपण ओलांडून कुणी पोर आत शिरत नाही. लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या रॉयल लंडन इस्पितळाने १९९० सालीच छतावर हेलिपॅड केला. आज तो सतराव्या मजल्यावर आहे, आणि तिथून लिफ्ट थेट खाली जाते. पण गच्चीवर गेल्याने प्रश्न संपत नाहीत, बदलतात. ताईला वाटलं होतं, स्लॅब आहेच, त्यावर एच रंगवायचा.

आरसीसी कन्सल्टंटांनी पहिल्याच भेटीत तो भ्रम घालवला. गच्चीचा स्लॅब माणसं, पाण्याच्या टाक्या आणि पावसाचं पाणी एवढ्यासाठी केलेला असतो. हेलिकॉप्टर कधी अलगद टेकतं, कधी इंजिन दगा देतं आणि ते आपटतं. त्या आपटण्यासाठी वजनाच्या अडीचपट भार धरायचा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पावणेचार टनांच्या यंत्राचे सव्वानऊ टनांच्या वर होतात, आणि ते दोन-चार ठिकाणीच टेकतात. "स्लॅबवर नाही," ते म्हणाले, "कॉलमवर कॉलम चढवून वेगळा डेक करायचा. आणि डेक नि गच्ची यांच्यामध्ये किमान तीन मीटरची मोकळी जागा सोडायची." ती कशासाठी हे ताईने विचारलं. इमारतीवर आपटलेला वारा वर चढतो आणि कठड्यापाशी भोवरे करतो. डेकखालून त्याला वाट दिली तर वर येणाऱ्या वैमानिकाला शांत हवा मिळते. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा अंगावर येतो, थंडीत उलट दिशेचा. म्हणून यायच्या-जायच्या वाटा दोन हव्यात, शक्यतो समोरासमोर, आणि त्या वाटांवर पुढे कुणी टॉवर उभारणार नाही याची नगरपालिकेकडून लेखी हमी हवी. शेजारच्या प्लॉटवर बारा मजल्यांचा नकाशा मंजुरीला पडून होता. पुढे किती तरी महिने ताईचे त्या एका कागदामागे गेले.

कमांडर गच्चीवर गेले ते तिथे काय काय आहे ते बघायला. पाण्याच्या टाक्या, सोलर हीटरच्या काचा, वीजवाहक सळई, डिश, आणि एका कंपनीचा मोबाइल टॉवर, ज्याचं भाडं इस्पितळाला दरमहा मिळत होतं. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. त्या घालणाऱ्या मावशी जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"टॉवर जाईल," कमांडर म्हणाले.

"भाडं जाईल," प्रशासक म्हणाले.

कमांडरांनी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचं सांगितलं. मे २००८मध्ये तिथल्या एका इस्पितळाच्या छतावरून उडालेलं हेलिकॉप्टर अँटेनाच्या मनोऱ्याला धडकलं आणि त्याच छतावर कोसळून पेटलं. आतले दोघे बाहेर पडले म्हणून वाचले. पण छताखालच्या मजल्यांवरचे रुग्ण पलंगांसकट हलवावे लागले. न्यूयॉर्कच्या पॅन ॲम इमारतीचं त्याहून वाईट. १६ मे १९७७. एकोणसाठ मजल्यांवरच्या छतावर हेलिकॉप्टर सुखरूप उतरलेलं, पंखा चालूच, प्रवासी चढत होते. चाकाच्या आधाराचा एक भाग धातू थकून तुटला, यंत्र कलंडलं. पंख्याच्या पात्यांनी छतावरची चार माणसं गेली. पाचवी व्यक्ती खाली मॅडिसन अव्हेन्यूवरून चालत होती. तिला वर काय चाललंय याचा पत्ताही नसेल. तो हेलिपॅड पुन्हा उघडला नाही.

मावशी हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, खाली बाळांची खोली आहे."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मावशींनी गच्चीच्या कोपऱ्यातलं पत्र्याचं खोकं दाखवलं. एसीची हवा तिथून आत घेतली जात होती, आणि ती सहाव्या मजल्यावरच्या नवजात अतिदक्षता विभागात जात होती. "इथं कोणी बिडी ओढली तरी सिस्टर वर येऊन ओरडतात, वास खाली येतो म्हणून. हेलिकॉप्टरचा धूर येणार नाही का?"

हा प्रश्न ताईच्या आराखड्यात नव्हता, कन्सल्टंटांच्या हिशेबात नव्हता, आणि खरं सांगायचं तर कमांडरांच्याही बोलण्यात अजून आला नव्हता. हेलिपॅडच्या जाणत्या अभियंत्यांच्या यादीत तो असतो. इंजिनाचा धूर हवा ओढणाऱ्या तोंडांत शिरू नये म्हणून ती तोंडं हलवावी लागतात. पण इथे तो आला चादरी वाळत घालणाऱ्या बाईकडून. कमांडरांनी ताईच्या हातातली वही घेतली, मावशींचं वाक्य स्वतः लिहिलं, आणि खाली जिन्याकडे निघाले.

"आता लिफ्ट."

इस्पितळात वॉर्डबॉयना मामा म्हणतात. या मामांच्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष. ट्रॉली ढकलून ढकलून त्यांचे खांदे पुढे झुकलेले. कमांडर ट्रॉलीवर आडवे झाले, छातीवर ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवून घेतला, आणि म्हणाले, "मी डोकं फुटलेला पेशंट. मला ओटीत न्या. घाई करा."

गच्चीवरून लिफ्टपर्यंत जिना. मामा आणि आणखी एकाने ट्रॉली उचलून उतरवली. कमांडर एका बाजूला घसरले. लिफ्ट सहाव्या मजल्यापासून सुरू व्हायची. ती आली तेव्हा तिच्यात जेवणाची गाडी. ती बाहेर काढली. ट्रॉली आत गेली, पण शेजारी डॉक्टर उभा राहू शकत नव्हता. अँब्यू बॅग दाबणाऱ्याला जागा नव्हती. लिफ्ट पाचव्या, चौथ्या, दुसऱ्या मजल्यावर थांबली, कारण तिथे लोकांनी बटणं दाबलेली. तळमजल्यावर ओटीच्या दाराशी दोन बोटांचा उंबरठा, फरशी बदलताना राहून गेलेला. ट्रॉली त्यावर आपटली.

"इथे पेशंटच्या मानेला हिसका बसतो," मामा म्हणाले. "रोज बसतो. मी तीनदा अर्ज दिला."

ताईने घड्याळ बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. आकाशातून वीस मिनिटांत आलेला माणूस या सहा मजल्यांत अडकणार होता. घाटात जे व्हायचं ते इथे होणार होतं, फक्त छपराखाली.

पुढची बैठक वाईट झाली. ताईने नवा हिशेब मांडला: वेगळा डेक, थेट लिफ्ट, तिला स्वतंत्र जनरेटर, रॅम्प, हवा घेणाऱ्या तोंडांची हलवाहलव, फेसाने आग विझवणारी यंत्रणा, सांडलेलं इंधन पावसाच्या नळात न जाता वेगळ्या टाकीत नेणारी गटारं, टॉवर काढणं. पहिल्या आराखड्याच्या कित्येक पट खर्च. आणि पावसाळ्याआधी होणं अशक्य.

आबा उठून उभे राहिले. "माझा भाऊ घाटात गेला. तुम्ही मला उंबरठे नि चादरी सांगता?"

कमांडर काही बोलणार होते, ताईने त्यांना थांबवलं. तिने वही उघडली आणि कडुलिंबाखाली लिहिलेली यादी वाचली. बाजू मांडली नाही, आकडे दिले नाहीत. नुसती माणसं वाचली. डायलिसिसवाल्याची बायको. डब्यावाला मुलगा. बाळंतीण. कुबड्यांवरचा ड्रायव्हर. रेलिंग धरून चालणारी म्हातारी माणसं. मग सहाव्या मजल्यावरची बाळं, त्या दिवशी होती तेवढी. मग मामांचा अर्ज.

"हे सगळे कोण?" आबांनी विचारलं.

"जे हेलिकॉप्टरमधून येणार नाहीत ते," ताई म्हणाली.

आबा बराच वेळ बसून राहिले. त्यांनी विचारलं ते एवढंच: "लिफ्टला किती?" आणि त्यांनी लिफ्टचा आकडा स्वतःच्या हाताने लिहून घेतला.

इथे गोष्ट संपवली असती तर ती सोपी झाली असती. पण काळजीलाही किंमत पडते, आणि ती दुसऱ्या कुणालातरी मोजावी लागते. पावसाळा लागला. डेकचे कॉलम अजून गच्चीच्या खालीच होते. जुलैतल्या एका रात्री घाट बंद पडला आणि अँब्युलन्समध्ये एक शिक्षक गेले. पुण्यातलं इस्पितळ तिथून फार लांब नव्हतं. पहाटे आबांनी ताईला फोन केला. ओरडले नाहीत. "पोरी, गाडीतळात साधं काँक्रीट टाकलं असतं तर?" एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला.

ताईकडे उत्तर नव्हतं. बरोबर वागूनही माणूस मरू शकतो, आणि 'आम्ही बरोबर होतो' हे त्याच्या घरच्यांना सांगण्यात काही अर्थ नसतो. सुरक्षिततेचा आग्रह धरणाऱ्यांनी या पहाटेची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. सावकाशीलाही जबाबदारी असते. १९९५ साली जपानमधल्या कोबेला भूकंपाने उद्ध्वस्त केलं, तेव्हा पहिल्या दिवशी हेलिकॉप्टरने इस्पितळात नेलेला रुग्ण एकच होता. यंत्रं देशात होती. ती रुग्णांसाठी वापरायची घडी बसलेली नव्हती. त्या घटनेतून जपान शिकला, आणि डॉक्टर घेऊन उडणाऱ्या हेलिकॉप्टरांची सेवा तिथे २००१पासून उभी राहिली. आपल्याकडे ऋषिकेशच्या एम्समध्ये अशी सेवा ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली. जी ठिकाणं अजून वाट बघतायत, तिथे रोज कुणीतरी घाटात अडकलेलं असतं.

सकाळी ताई कमांडरांकडे गेली. "डेक होईपर्यंत काय?"

कमांडर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "मंत्री आले की कुठे उतरतात?"

पोलीस परेड ग्राउंड. आपल्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावी ते असतं. चहूबाजूंनी मोकळं, भोवती भिंत, दाराशी पोलीस; दौरा असला की पांढऱ्या फक्कीचं वर्तुळ आखलं जातं, पाणी मारून धूळ बसवली जाते, अग्निशमनाचा बंब उभा राहतो. हे सगळं गावात पूर्वीपासून होतं. ताई, डॉक्टर आणि आबा तिघे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना भेटले. मंत्र्यांसाठी होतं ते रुग्णांसाठी करायचं, एवढीच मागणी. पंधरवड्यात व्यवस्था ठरली: कुणी कुणाला फोन करायचा, दार कोण उघडणार, बंब किती वेळात येणार, अँब्युलन्स कुठे उभी राहणार, आणि हेलिकॉप्टर येण्याआधी मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या माणसांना बाहेर कोण काढणार. त्या पावसाळ्यात परेड ग्राउंडवरून रुग्ण गेले. ढग उतरलेले असताना कुणीच उडू शकलं नाही, आणि तेव्हा अँब्युलन्सलाच घाट चढावा लागला. हेही आबांना बघावं लागलं.

डेक दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात उभा राहिला. त्याच्या कडेने दीड मीटर रुंदीची जाळी बाहेर काढली, डेकच्या पातळीच्या वर न येणारी. पाय घसरलेला माणूस तिच्यात पडावा, पण उतरणाऱ्या यंत्राला ती अडू नये. ताईला कठडा हवा होता, कारण कठड्याने माणसाला सुरक्षित वाटतं. कमांडरांनी समजावलं की उघड्या कडेला कठडा हाच धोका असतो. खाली यायला दोन वाटा ठेवल्या, एकीकडे आग लागली तर दुसरीने पळता यावं म्हणून. कडेला हिरवे दिवे, रात्री डोळ्यांवर न येणारे. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी, तिलाही दिवा. क्रॉसवर लाल एच, आणि बाजूला जास्तीत जास्त वजनाचा आकडा, म्हणजे वरून बघणाऱ्या वैमानिकाला कळावं की हे छत किती पेलतं. तळमजल्यावरच्या एमआरआयच्या शक्तिशाली चुंबकाचा होकायंत्रावर परिणाम होऊ शकतो, त्याची नोंद माहितीपत्रकात गेली. इस्पितळामागचा उघडा कचरा बंद झाला, कारण त्यावर घारी घिरट्या घालत. घारीला यंत्राचं भय नसतं. पतंगांचा प्रश्न गल्लीतल्या पोरांशी बोलून सोडवावा लागला. संक्रांतीला त्यांनी मैदान पकडायचं ठरवलं, आणि बदल्यात आबांनी मैदानाला दिवे दिले.

ओटीच्या दारातला उंबरठा मामांनी स्वतः उभं राहून फोडून घेतला. त्या आठवड्यात ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी डेकवरच्या पथकात परत रुजू झाले. उतरणाऱ्या यंत्राजवळ केव्हा जायचं, केव्हा नाही, शेपटीकडच्या पंख्याच्या बाजूला पाऊलही का टाकायचं नाही, चादरी-टोप्या-कागद यांतलं काहीही डेकवर का नेऊ नये, हे कमांडरांनी शिकवलं. मामांनी ते तरुण पोरांकडून इतक्यांदा घोकून घेतलं की पोरं वैतागली. फेसाची यंत्रणा दर आठवड्याला चालवून बघायची आणि वहीत सही करायची, हेही मामांनीच लावून धरलं. अशा वह्या बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षानंतर कोऱ्या राहतात. हेलिपॅड बांधणं अवघड आहे. तो दहाव्या वर्षीही पहिल्या दिवसासारखा जपणं जास्त अवघड, आणि त्याचं उद्घाटन कुणी करत नाही.

इथेही उद्घाटन झालं नाही. मंडपवाला येऊन गेला होता. हेलिकॉप्टरच्या वाटेखाली, गाडीतळात कापडी मंडप घालायचा त्याचा बेत होता. आबांनीच त्याला परत पाठवलं. पहिलं यंत्र चाचणीसाठी उतरलं तेव्हा गाडीतळात वॉचमन माणसांना आत पडवीत बसवत होता, टपरीच्या पत्र्यावर विटांऐवजी आता नट-बोल्ट होते, आणि मावशी सहाव्या मजल्यावर बाळांच्या खोलीत उभ्या राहून हवेचा वास घेत होत्या. वास आला नाही असं त्यांनी सिस्टरांना सांगितलं आणि सिस्टरांनी ते वर कळवलं. तेव्हाच कमांडरांनी चाचणीच्या कागदावर सही केली.

पुढे बातमी पसरली. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका इस्पितळाचे विश्वस्त गाडी करून आले. त्यांनाही हेलिपॅड करायचा होता, देणगीदार तयार होता, पावसाळा जवळ आला होता. डेकवर उभं राहून त्यांनी फोटो काढले आणि ताईकडे नकाशे मागितले. "आहे तसेच द्या, आम्ही तेच बांधतो. वेळ वाचेल."

"तुमच्या गाडीतळात सकाळी दहा वाजता कोण कोण बसलेलं असतं?" ताईने विचारलं.

ते एकमेकांकडे बघू लागले.

"बरं, तुमच्या परेड ग्राउंडची किल्ली कुणाकडे असते?"

तेही ठाऊक नव्हतं. ताईने नकाशे काढले नाहीत. तिने मामांना हाक मारली, त्यांच्या हातात एक कोरी वही दिली, आणि पाहुण्यांच्या गाडीचं पुढचं दार उघडलं.

"हे तुमच्याबरोबर येतील. किल्लीचं आजच विचारा. आणि यांना गच्ची शेवटी दाखवा, आधी लिफ्ट."